सदरहू बाटली

जुनेपणामुळे वस्तूची किंमत वाढते, हा सिद्धांत जगाच्या गळी उतरविण्यासाठी फ्रान्स देशातील द्राक्षमळेवाल्यांना काही शतके खपावे लागले. आमच्या बिडकीनमध्ये तो शिकविण्याची गरज कोणालाच भासली नसती. संभाजीनगराहून पैठणला जाणाऱ्या रस्त्याच्या साधारण मध्यावर वसलेल्या या गावात, जेथे निजामी अंमलातला शिक्क्याचा कागद घरातील दागिन्यांपेक्षा अधिक जपून ठेवला जातो, जेथे खासरा पाहणीचा उतारा पुढे करणाऱ्या इसमासमोर कालपरवाचा संगणकीय सातबारा बाळगणारा इसम आपोआप खालच्या आवाजात बोलू लागतो, आणि जेथे बांधावरून निघालेला कज्जा जितका जुना तितके त्या घराण्याचे वजन अधिक समजले जाते, तेथे वीस वर्षांच्या द्राक्षमद्याला मान द्यावा की नाही, असा प्रश्न उद्भवणेच अशक्य होते. उद्भवला तो प्रश्न निराळा. तो मान कोणत्या तिथीस, कोणाच्या हस्ते, कोणत्या भांड्यातून द्यावा आणि त्याची नोंद कोणत्या दप्तरात राहावी, यावर आमच्या घरात जो शास्त्रार्थ झाला, तो ऐकून बोर्दोच्या एखाद्या मळेवाल्यानेही आपल्याला या विषयातले फारसे कळत नाही, अशी कबुली देऊन टाकली असती.

प्रसंग थोरल्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा होता. मनुष्याने एक हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणजे त्याचे वय ऐंशी वर्षे आणि वर दहाएक महिने होते. काकांनी हा हिशेब अधिक मासांसह स्वतः मांडून, पुरोहितांनी काढलेली तारीख दोन पौर्णिमांनी चुकीची असल्याचे त्यांच्या नजरेस आणून दिले होते. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले, असे सरकारी कागद सांगतात. घरातल्या माणसांना ते निवृत्त झाल्याचा कोणताही पुरावा अद्याप आढळलेला नाही. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत पटवारी होते, आणि त्यामुळे 'रुजुवात', 'तामिली', 'बिनशर्त', 'मजकूर' हे शब्द काकांच्या तोंडी शिक्षणाने नव्हे, तर दुधातून आलेले आहेत.

बाटली आणली होती त्यांच्या धाकट्या चिरंजिवांनी, म्हणजे माझ्या चुलतभावाने. तो फ्रान्समध्ये तुलूझ येथे विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तेथून बोर्दो प्रांत दूर नसल्यामुळे, आणि 2005 साल त्या प्रांताला विशेष लाभल्याची वार्ता तेथे सर्वतोमुखी असल्यामुळे, त्याने त्या सालची दोन बाटल्या लाल वाइन खरेदी केली आणि 2010 मध्ये सुटीवर येताना, बाबांच्या एखाद्या मोठ्या समारंभाला उपयोगी पडेल म्हणून ती बरोबर आणली. त्या वेळी काका सहासष्ट वर्षांचे होते. ज्या माणसाने आयुष्यभर अर्जदाराला 'पुढच्या महिन्यात या' असे सांगितले, त्याच्यासाठी पंधरा वर्षांनंतर उघडायची वस्तू आणणे यासारखी समयोचित भेट दुसरी नसेल.

काकांनी सुरुवातीस बाटलीकडे संशयाने पाहिले. त्यांचे मन वळले ते बोर्दोच्या दप्तराची हकीकत ऐकून. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने हुकूम केला, त्याबरहुकूम तेथल्या दलालांनी मळ्यांच्या मालाला बाजारात मिळणाऱ्या किमती पाहून लाल वाइनचे पाच दर्जे ठरविले, आणि ती प्रतवारी आजतागायत कायम आहे. 'आजतागायत?' काकांनी विचारले. त्यावर चुलतभावाने सांगितले की, दुसऱ्या दर्जातून पहिल्या दर्जात चढण्याचा मान आजवर फक्त मूतों रोथशिल्ड या एकाच मळ्याला मिळाला आणि तोही 1973 साली, म्हणजे 118 वर्षांनी. काका बराच वेळ स्तब्ध बसले. आपल्या खात्यापेक्षाही सावकाश बढती देणारी एक यंत्रणा पृथ्वीतलावर विद्यमान आहे, या ज्ञानाने त्यांच्या मनात फ्रेंच राष्ट्राविषयी जो आदर उत्पन्न झाला, तो पुढे कधीही कमी झाला नाही. आमची बाटली त्या यादीतली नव्हती, हे कळल्यावरही त्यांनी 'बिगर-इनामी, परंतु चांगल्या शिवारातली' असा शेरा देऊन ती दाखल करून घेतली.

ठेवायची कोठे, हा पहिला पेच. जुनी होऊ द्यायच्या वाइनला बारा ते चौदा अंशांचा स्थिर गारवा, अंधार, किंचित ओलावा आणि निजायला आडवी जागा लागते. बूच रसाने भिजलेले राहावे, वाळून आकसू नये, यासाठी ही शेवटची अट असते. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो, त्या मराठवाड्यात पत्र्याखालच्या माळ्यावर बाटली ठेवणे म्हणजे तिचा काढा करणे होय. सुदैवाने आमच्या वाड्यात बळद शिल्लक होते. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंतीच्या पोटातली ती काळोखी खोली पूर्वी ज्वारीने भरलेली असे. जमिनी गेल्यापासून तीत अर्धे पोते ज्वारी आणि उरलेली जागा एवढेच असते. आत्याला कळू नये म्हणून चुलतभावाने रात्रीच्या वेळी दोन्ही बाटल्या ज्वारीत आडव्या पुरल्या, वर कडुलिंबाचा पाला पसरला आणि फ्रान्सला प्रयाण केले.

आत्याला कळू नये ही कल्पनाच मुळात बालिश होती. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. गळ्यात तुळशीची माळ, नाथषष्ठीची पैठणची वारी, आणि वाड्यातल्या प्रत्येक डब्याच्या तळाशी काय आहे याचे संपूर्ण ज्ञान. दर पाडव्याला बळद झाडताना ती त्या बाटल्या उचलून, फडक्याने पुसून, पुन्हा होत्या तशा आडव्या ठेवीत असे. उभ्या का ठेवल्या नाहीत, असे पुढे विचारले तेव्हा ती म्हणाली, 'उभी ठेवली तर उंदराच्या धक्क्यानं पडत नाही का?' बुचाच्या ओलाव्याचे शास्त्र तिला ठाऊक नव्हते, पण त्यावाचून तिचे काही अडलेले दिसले नाही. आणि तिने आक्षेप का घेतला नाही? तर गेली कित्येक वर्षे ती जेवणानंतर चार चमचे द्राक्षासव तितक्याच पाण्यातून घेते, त्या द्राक्षासवाची बाटली जुनी असेल तर वैद्य तिला शाबासकी देतात, आणि आसवे जुनी झाल्यावरच गुणकारी होतात, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. परदेशातले द्राक्षासव, एवढीच त्या बाटल्यांची नोंद तिच्या मनात होती. स्वतः ती त्यातला थेंबही घेणार नव्हती. माळेचा प्रश्न होता. परंतु जी वस्तू आपण घ्यायची नाही ती इतरांनी नीट घ्यावी याची जबाबदारी आपल्यावर येते, असे मानणाऱ्या पिढीतली ती आहे.

घरातील धर्माभिमानी मंडळींनी मात्र, असला पदार्थ आपल्या भागात कधीच नव्हता, असा मुद्दा काढला. काका याच क्षणाची वाट पाहत असावेत. त्यांनी पुरावे सादर केले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण हे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद असून, त्याच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे आणि तीतही इटलीची पसंत केली जाई, असा स्पष्ट मजकूर आहे. पैठणचा माल गाड्यांवर लादून तिकडे जाई, तेव्हा परतीच्या गाड्या काय रिकाम्या येत होत्या? शिवाय चौदाव्या शतकात इब्न बतूता याने दौलताबादेस वर्षातून दोनदा पिकणारी द्राक्षे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि आजही नाशिकचा बागाईतदार एप्रिलमध्ये एक व ऑक्टोबरमध्ये एक अशी दुहेरी छाटणी करतो, ती याच हवेच्या गुणामुळे. यावर माझ्या एका मावसभावाने औरंगजेबाचे नाव काढले. ज्याने मद्याला मनाई केली त्याची कबर आपल्याच जिल्ह्यात खुलताबादेस आहे, हा त्याचा प्रतिपुरावा होता. काकांनी तोही मोडीत काढला: दख्खनच्या सुभेदारीवर येताना बऱ्हाणपुरात हिराबाईने पुढे केलेला प्याला शहाजाद्याने ओठांपर्यंत नेला होता, आणि तो तिनेच मागे घेतला, अशी आख्यायिका आहे, म्हणजे मनाईचे श्रेय असल्यास हिराबाईला द्यावे. हिराबाईचा दाखला मिळाल्यावर विरोधी पक्षाची उपस्थिती रोडावली.

मग परवान्याचे निघाले. 1949 सालच्या दारूबंदी अधिनियमाचा अंमल या राज्यात चालू असल्याने मद्यपान करणाराकडे परवाना असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांस मिळतो. वाइनला तो लागतो की नाही, आणि वाइन ही दारूच आहे की नाही, या वादात आमच्या राज्याचे मंत्रिमंडळही 2022 सालच्या जानेवारीत सापडले होते. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा तो निर्णय एवढ्या गदारोळानंतर कागदावरच राहिला. काका या शास्त्रार्थात पडले नाहीत. त्यांनी सरसकट सर्व इच्छुकांकडून पाच पाच रुपये गोळा केले आणि परवान्यांच्या चिठ्ठ्या टाचणीने एकत्र लावून ठेवल्या. वाळूज-चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअरचे कारखाने रात्रंदिवस धूर सोडीत असताना, त्यांच्या छायेत कोणी इतक्या कायदेशीरपणे एक घोट घेण्याची तयारी केली असेल, असे मला वाटत नाही.

तिथीचा प्रश्न सर्वांत कठीण जाईल असा माझा अंदाज होता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार पांडुरंगाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. उरला रविवार, तोही खंडोबाचा. पण खंडोबा हे आमचे कुलदैवत, म्हणजे घरचेच. घरच्या माणसाची इतकी भीड धरू नये, असे आत्याने ठरविले. तेवढ्यात चुलतभावाने भीत भीत आपला मोबाइल पुढे केला. युरोपात काही वाइनवाले जर्मनीच्या मारिया थून या बाईंच्या पंचांगाप्रमाणे चालतात; चंद्र कोणत्या राशीत आहे त्यावरून दिवसाचे मूळ, पान, फूल आणि फळ असे चार प्रकार पाडतात, आणि चांगली वाइन मूळदिवशी कदापि उघडत नाहीत; लंडनमधल्या मोठ्या दुकानांचे खरेदीदारसुद्धा चव घ्यायला हा दिवस पाहून बसल्याची उदाहरणे आहेत. मेष, सिंह आणि धनु या राशींत चंद्र असता फळदिवस येतो. आत्याने दाते पंचांग मागविले, चष्मा चढविला, आणि समारंभाच्या पुढच्याच रविवारी चंद्र सिंहेत असल्याचे जाहीर केले. 'म्हणजे त्यांच्यात पण पंचांग बघतात की,' ती म्हणाली. त्या क्षणापासून फ्रेंच वाइनचे सोयरेपण आमच्या घराने मान्य केले. येथे माझेही मत नमूद करून ठेवतो: जुन्या वाइनचे जाणकार ज्याला शास्त्र म्हणतात, ते बहुतांशी सोवळेच आहे, आणि सोवळे पाळण्याची सवय ज्या घरातून गेलेली नाही, त्या घराला वाइन उघडणे शिकवावे लागत नाही.

याची प्रचिती लगेच आली. वीस वर्षांत रसातील रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारे घटक एकमेकांना धरून जड होतात व तळाशी गाळ म्हणून बसतात. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी दोन दिवस उभी करून ठेवावी लागते आणि तिला धक्का लावायचा नसतो. शिवू नये अशी वस्तू घरात कशी ठेवतात, हे आम्हांला कोणी सांगायचे? ओसरीवरच्या कोनाड्यात बाटली विराजमान झाली, आणि दोन दिवस पाहुण्यांची पोरेसुद्धा त्या भिंतीपासून दीड हात दूर चालली. गाळ मानेशी आला की ओतणे थांबवायचे, त्यासाठी बाटलीमागे मेणबत्ती धरतात, असे चुलतभाऊ म्हणाला. आत्याने समई लावली. मेणबत्तीचा धूर रसाला लागतो, हे तिचे म्हणणे. ओतायचे कशात? काकांची इच्छा पितळी कलशाची होती. आत्याने ती जागच्या जागी फेटाळली: 'आंबट आहे ना ते? पितळेत कळकेल. कल्हई कधी केली होती त्याला?' तांब्याचाही तोच निकाल लागला. अखेर निजामाच्या काळातली एक काचेची सुरई माळ्यावरून उतरली.

बूच काढताना जे व्हायचे ते झाले. वीस वर्षांचे बूच अर्ध्यावर तुटले आणि उरलेला अर्धा भाग बारीक चुरा होऊन आत पडला. चुलतभावाचा चेहरा पडला. आत्या मात्र आत जाऊन श्रीखंडाचा चक्का बांधायचे मलमल घेऊन आली. ते साबणाने धुतलेले नाही ना, असे विचारण्यासाठी त्याने तोंड उघडले मात्र, तर तीच म्हणाली, 'साबणाच्या फडक्यात चक्का कोण बांधतं?' रस मलमलीतून सुरईत उतरला. समईच्या उजेडात त्याचा रंग जांभळा नव्हे, कडेला चक्क विटकरी दिसत होता, आणि तसाच तो दिसायला हवा होता. काकांनी वेळ टिपून घेतली, कारण इतकी जुनी वाइन हवेवर फार वेळ ठेवली तर तासाभरात निस्तेज होते, असे त्यांना सांगण्यात आले होते. 'म्हणजे मुदत एक तास,' त्यांनी शेरा मारला.

बाटलीत 750 मिलिलिटर असतात. गाळ वजा जाता सातशेच्या आतबाहेर. लहान मुले, माळकरी आणि गाडी चालविणारे वगळूनही घेणारे तीसच्या वर होते. प्याले मोजून वीसही भरेनात आणि समान वाटणी केल्याशिवाय काकांच्या घरात काही होऊ शकत नाही. तेव्हा आत्याने आपल्या द्राक्षासवाच्या बाटलीचे झाकण धुऊन आणून दिले. त्यावर वीस मिलिलिटरची रेघ होती. काकांना त्या रेघेने जे समाधान दिले, ते त्यांना निवृत्तिवेतनाच्या आदेशाने दिले नसेल. एक एक झाकण भरून, नाव पुकारून, हजेरीपत्रकावर खूण करून वाटप सुरू झाले. यातला अनर्थ एवढाच की, वडीलधाऱ्या मंडळींनी झाकण समोर येताच सवयीने उजव्या तळहाताची ओंजळ पुढे केली, प्राशन केले आणि ओला हात मस्तकावरून फिरविला. बोर्दोची वीस वर्षांची तपश्चर्या आमच्या आजेसासऱ्यांच्या टकलावर मुरत असलेली पाहून चुलतभाऊ समईकडे वळून उभा राहिला.

अभिप्राय भिन्न पडले. कोणी जांभळाचा सिरका म्हणाले, कोणी कोकम. मावसभाऊ म्हणाला, यात नशा नाही. वीस मिलिलिटरमध्ये ती कोठून यावी, याचा खुलासा त्याला कोणी केला नाही. अशी निराशा जुनीच आहे. रोमन लोकांत ओपिमियस कॉन्सल असताना, ख्रिस्तपूर्व 121 साली, झालेल्या वाइनची इतकी ख्याती होती की ती दोनशे वर्षे जपली गेली, आणि एवढ्या काळाने तिचे काय झाले, तर तिखट-कडवट मधासारखा एक घट्ट पदार्थ झाला, असे प्लिनी लिहितो. तो इतका जहाल की पाणी घातल्यावाचून पिता येत नसे. आमच्या बाटलीची गत तशी झाली नव्हती. बळदाची हवा फ्रान्सच्या तळघराइतकी गार नसल्यामुळे ती जरा लवकर प्रौढ झाली होती, एवढेच. जुनी कातडी, तंबाखू, ओली माती असे वास त्यात येत आहेत, हे चुलतभावाने डोळे मिटून सांगितले, आणि मंडळींना हसू आवरेना. पैसे देऊन ओली माती कोण विकत घेतो?

काका हसले नाहीत. त्यांनी झाकणातला अर्धा रस घेतला, थांबले, पुन्हा हुंगले. 'ही मोट आहे,' ते म्हणाले. कोणाला काही कळले नाही. त्यांनी समजावून सांगितले: लहानपणी मळ्यात मोट चालायची, बैल धावेवरून उतरायचे, आणि कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात पालथी व्हायची तेव्हा भिजलेल्या चामड्याचा, चिखलाचा आणि मोटकऱ्याच्या चंचीतल्या तंबाखूचा जो एक वास उठायचा, तोच हा. ती विहीर औद्योगिक नगराच्या संपादनात गेली. तिच्यावरून आता सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद रस्ता झाला आहे. 'फ्रान्सात अजून मोटा आहेत काय रे?' त्यांनी मुलाला विचारले. नाहीत, असे त्याने सांगितले. 'मग यांनी हा वास आणला कोठून?' याचे उत्तर मुलाकडे नव्हते, आणि मलाही ते अद्याप सापडलेले नाही.

राहिली दुसरी बाटली. ती त्याच दिवशी उघडावी असा बहुमताचा कल होता. काकांनी तो नामंजूर केला. त्याच विहिरीलगतच्या बांधाबद्दल शेजारच्या भाऊबंदांशी आमचा एक दावा कित्येक वर्षांपासून चालू आहे. बांध रस्त्याखाली गेला, शेत गेले, मूळ वादी व प्रतिवादी दोघेही गेले. दावा मात्र वारसांच्या नावे सुखरूप आहे. त्याचा अंतिम निकाल लागेल त्या दिवशी सदरहू बाटली उभय पक्षांनी एकत्र बसून उघडावी, अशी चिठ्ठी काकांनी स्वहस्ते लिहून बाटलीला बांधली, आणि आत्याने ती पुन्हा ज्वारीत आडवी ठेवली. चुलतभावाने काळजीने सांगितले, 'बाबा, या सालची वाइन आणखी पंधरा-वीस वर्षांपलीकडे काही टिकणार नाही.'

काकांनी मनाशी काही हिशेब केला आणि विचारले, 'याहून टिकाऊ काही मिळत नाही का तिकडे?'